पपायरसचा ताव: चित्राचा नको, कोरा घ्या

गिझाच्या पिरॅमिडांभोवती, कैरोच्या खान अल-खलिलीत, लक्सरच्या बाजारात आणि आस्वानच्या धक्क्यावर एक वस्तू हमखास समोर येते: पपायरस, म्हणजे त्याच नावाच्या पाणवनस्पतीच्या दांड्यापासून केलेला पिवळसर, आडव्याउभ्या रेषांचा ताव आणि त्यावर सोनेरी रंगातले राजा-राणी. इजिप्तच्या टूरमध्ये ‘म्युझियम’ किंवा ‘इन्स्टिट्यूट’ अशी पाटी लावलेल्या पपायरसच्या दुकानात एक थांबा ठरलेलाच असतो. काउंटरवरचा माणूस हिरवा दांडा सोलून दाखवतो, पट्ट्या आडव्याउभ्या मांडतो, मग आपण पाकीट काढतो. प्रात्यक्षिक सहसा खरं असतं. त्यानंतर हाती पडणारा माल मात्र दर वेळी त्या प्रात्यक्षिकातलाच असतो असं नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. लिहायचा पृष्ठभाग म्हणून पपायरस आजही पैसे वसूल करून देणारी वस्तू आहे. त्यावरचं चित्र बहुतेक वेळा भरताड असतं, आणि किंमत मात्र चित्राचीच लावलेली असते. तेव्हा दुकानदाराला ‘कोरे ताव आहेत का?’ एवढं विचारा. बऱ्याच ठिकाणी असतात, फक्त पुढे मांडलेले नसतात.

पपायरस ही आपल्या लव्हाळ्याच्या आणि नागरमोथ्याच्या कुळातली पाणवनस्पती. दांडा तिकोनी, गाठ एकही नाही, उंची चार-पाच मीटरपर्यंत जाते. हिरवी साल काढली की आत पांढरा, स्पंजासारखा गाभा मिळतो. त्याच्या पातळ पट्ट्या एका दिशेने मांडायच्या, त्यांवर काटकोनात दुसरा थर द्यायचा आणि दाबून वाळवायचं. खरी करामत या काटकोनात आहे. एका थराचे तंतू ज्या दिशेला फाटतील त्या दिशेला दुसरा थर धरून ठेवतो, त्यामुळे ताव कुठल्याच बाजूने सहज चिरत नाही. ही युक्ती इजिप्तच्या कारागिरांनी लाकडातही वापरली होती. कैरोजवळच्या सक्काराच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडात लाकडाचे सहा पातळ थर, रेषा आलटून-पालटून, खुंट्यांनी जोडलेली शवपेटी सापडली आहे. तुमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाचा प्लायवूड याच तत्त्वावर उभा असतो.

कागदाशी मात्र याची गल्लत करू नये. कागदात तंतूंचा लगदा होतो आणि ते नव्याने विणल्यासारखे बसतात. पपायरसमध्ये वनस्पतीची मूळ वीण तशीच राहते. दौलताबादजवळच्या कागझीपुऱ्यातला हातकागद आणि हा ताव शेजारी ठेवून प्रकाशात धरले की फरक लगेच कळतो: एकात ढगाळ, सारखी पोत, दुसऱ्यात सरळ रेषांची जाळी.

सक्कारातच हेमाका नावाच्या अधिकाऱ्याच्या कबरीत पपायरसची एक गुंडाळी मिळाली. ती पहिल्या राजवंशातली, म्हणजे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची, आणि गंमत म्हणजे ती कोरी होती. लिहिलेल्यांपैकी सर्वांत जुने पपायरस तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे २०१३ साली सापडले. त्यांत मेरेर नावाचा मुकादम खूफू राजाच्या पिरॅमिडासाठी तूराच्या खाणीतून चुनखडीचे दगड नावेने नेल्याची रोजनिशी लिहितो. कामाची नोंद, शिधावाटप, हजेरी: आज कुठल्याही साइट ऑफिसात जे रजिस्टर असतं तेच. पपायरसचा मोठा वारसा हा आहे. कबरीतल्या देवदेवतांपेक्षा कचेरीतली कागदपत्रं त्यावर कितीतरी जास्त लिहिली गेली.

इसवी सनाच्या अकराव्या शतकापर्यंत हा धंदा कागदापुढे संपला. नाईलकाठची वनस्पतीही हळूहळू दिसेनाशी झाली. आज बाजारात असलेला माल विसाव्या शतकातल्या पुनरुज्जीवनाचा आहे. हसन रगब हे अभियंते १९५६ मध्ये चीनमध्ये इजिप्तचे राजदूत होते. तिथले हातकागदाचे उद्योग पाहून त्यांनी हा विषय डोक्यात घेतला, साठच्या दशकात सुदानमधून रोपं आणून कैरोत लागवड केली आणि प्रयोगांतून कृती बसवली. पुढे नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या शरकिया प्रांतातलं अल-करामूस हे गाव या धंद्याचं केंद्र झालं. पर्यटकांना विकला जाणारा बराचसा खरा ताव तिथल्या शेतांतून येतो.

आता कृती, कारण मालातले बहुतेक दोष कृतीतल्या आळसातून येतात. दांडे कापून सोलतात, ठरलेल्या लांबीचे तुकडे करतात आणि ताणलेल्या दोऱ्याने किंवा तारेने एक-दोन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या काढतात. लाटण्याने लाटून पाणी आणि साखर बाहेर काढतात. मग पट्ट्या पाण्यात भिजतात: आठवडाभरात फिका ताव तयार होतो, त्याहून जास्त दिवस ठेवल्या तर रंग गडद होतो. त्यानंतर सुती कापडावर पट्ट्या कडेला कड किंचित चढवून मांडतात, वर आडवा थर, वर पुन्हा कापड, आणि सगळं प्रेसखाली. पहिल्या दिवसांत कापड वारंवार बदलावं लागतं. वेगळा गोंद लागत नाही. गाभ्यातला चिकट रस आणि दाबाने चपट्या झालेल्या पेशी एकमेकींत गुंतणं, एवढ्यावर थर बसतात.

यात घाई कुठे होते? पहिली भिजवण्यात. पट्ट्या लवकर मऊ आणि पांढऱ्या व्हाव्यात म्हणून कॉस्टिक सोडा आणि क्लोरीनचा मारा करतात. असा ताव दुकानात देखणा, एकसारखा फिका दिसतो, पण नाकाजवळ नेला तर ब्लीचचा वास येतो, आणि पुढे तो नीट धुतलेल्या तावापेक्षा लवकर ठिसूळ होतो. चांगल्या तावाला वाळल्या गवताचा मंद वास असतो. दुसरी घाई कापड बदलण्यात: ओलं कापड तसंच राहिलं की बुरशीचे करडे ठिपके पडतात. तंतूंचे तपकिरी ठिपके लांबट आणि रेषेत असतात, बुरशीचे गोल आणि कडा पसरलेले. हे दोन्ही वेगळे ओळखता आले पाहिजेत, कारण पहिले अस्सलपणाची खूण आहेत आणि दुसऱ्यांसाठी ताव परत करावा. तिसरी चूक मांडणीतली. कडा पुरेशा चढवल्या नाहीत तर वाळताना पट्ट्या आकसतात आणि प्रकाशात बारीक फटी दिसतात. चित्रासाठी फटी चालून जातात, लिहायला बसलात की टाक तिथेच अडकतो.

खऱ्याखोट्याचा प्रश्न मुख्यतः रस्त्यावरच्या विक्रेत्यांकडे येतो. केळीच्या पात्याचे, उसाच्या किंवा मक्याच्या पानांचे दाबलेले ताव ‘पपायरस’ म्हणून खपतात. ओळखायला चार गोष्टी पुरतात, पण चारही बघाव्या. ताव उजेडासमोर धरा: आडव्या आणि उभ्या पट्ट्या, त्या चढतात तिथल्या किंचित गडद रेषा आणि बारीक समांतर तंतू दिसले पाहिजेत. अंतरं थोडी विषम असतात. अगदी मोजून आखल्यासारखी जाळी दिसली तर ती छपाई असू शकते. मग कड पाहा; साध्या भिंगातून दोन थर वेगळे कळतात. तिसरं, ताव सैलसर गुंडाळून सोडा. खरा ताव परत उघडतो, नकली मोडतो किंवा घडी धरतो. चौथं, कोपऱ्यावर पाण्याचा थेंब. खरा ताव तिथे गडद होतो आणि वाळल्यावर पूर्ववत होतो, नकली फुगतो किंवा रंग सोडतो. दुकानदार थेंबाला नाही म्हणाला तर दुसरं दुकान गाठावं. केवळ मोडण्यावरून मात्र निकाल देऊ नये, कारण फार वाळलेला किंवा ब्लीच जास्त झालेला खरा तावही चिरतो.

कडा जाळलेल्या, चहाच्या रंगाच्या, ‘जुन्या’ दिसणाऱ्या तावांच्या वाटेला जाऊच नका. आणि कोणी कोपऱ्यात घेऊन ‘हा खरोखर प्राचीन तुकडा’ म्हणाला, तर तो एक तर खोटं बोलतोय किंवा तुम्हाला तुरुंगाच्या दारात नेतोय. १९८३ च्या ११७ क्रमांकाच्या कायद्यानुसार इजिप्तमध्ये पुरावस्तूंचा व्यापार आणि त्या देशाबाहेर नेणं गुन्हा आहे.

चित्रच घ्यायचं असेल तर निदान विषय तरी पारखून घ्या. दुकानांतली निम्मी प्रसिद्ध चित्रं मुळात पपायरसवरची नाहीतच. राणी नेफर्तारी ‘सेनेत’ नावाचा पटावरचा खेळ खेळताना दिसते ते चित्र तिच्या कबरीच्या भिंतीवरचं. दंडेराचं गोल राशिचक्र म्हणजे देवळाच्या छताचा कोरीव दगड, सध्या पॅरिसच्या लूव्रमध्ये. तूतनखामुन आणि त्याची राणी हे दृश्य सिंहासनाच्या पाठीवरचं. याउलट मृताचं हृदय पिसाशी तोललं जातं तो न्यायनिवाड्याचा प्रसंग खरोखर पपायरसवर रंगवला गेला. हुनेफर आणि अनी या प्राचीन इजिप्शियन अधिकाऱ्यांच्या गुंडाळ्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि त्यांची छायाचित्रं फोनवर सहज मिळतात. दुकानातच फोन काढून ताडून पाहावं. तराजूच्या एका पारड्यात हृदयाचं मडकं, दुसऱ्यात पीस, बाजूला कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस, लिहून घेणारा इबिसच्या तोंडाचा थोत आणि हृदय खायला टपलेली, मगरीच्या तोंडाची अम्मित. यातलं कोणी गाळलं असेल किंवा तराजूच वाकडा असेल तर कारागिराने नकलेची नक्कल केली आहे.

अक्षरांची चाचणी त्याहून सोपी. चित्रलिपीतले पक्षी, प्राणी आणि माणसं ओळीच्या सुरुवातीकडे तोंड करून असतात. एकाच ओळीत काही उजवीकडे आणि काही डावीकडे पाहत असतील तर तो मजकूर नव्हे, नक्षी आहे. हाताने रंगवलंय की स्क्रीनने छापलंय हे भिंगातून कळतं. छपाईत रंगाची जाडी सगळीकडे एकसारखी असते. हातकामात काळ्या बाह्यरेषेचा जोर कमीजास्त होतो आणि रंग कुठे कुठे रेषेबाहेर सांडतो. दोन्हींच्या मधली जातही असते: छापलेली बाह्यरेषा, हाताने भरलेला रंग. ती हातकामाच्या भावात घेऊ नये. अंधारात चमकणारे रंग लावलेल्या तावांबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

राजाच्या नावाभोवतीच्या लांबट कड्यात तुमचं नाव लिहून देतात तो प्रकार स्वस्त आणि मजेचा आहे, फक्त अपेक्षा माफक ठेवा. त्या लिपीत स्वर जवळपास लिहीतच नसत. दुकानातला तक्ता इंग्रजी मुळाक्षरांना एकेक चित्र जोडतो, त्यामुळे आपला ‘ळ’ आणि ‘ल’ दोन्ही एकाच सिंहावर बसतात. ‘ण’ वेगळा मिळत नाही. बाळकृष्ण आणि बालक्रिश्न यांत काहीच अंतर उरत नाही.

लिहिण्यासाठी कोरा ताव आणलात तर इथून पुढचा भाग तुमच्यासाठी. ज्या बाजूला तंतू आडवे जातात ती लिहायची बाजू. जुने लेखकू आधी तीच वापरत, कारण लेखणी तंतूंबरोबर धावते. उलट बाजूला प्रत्येक उभा तंतू उंचवटा होऊन आडवा येतो. पोलादी टाक आणि बारीक निबचं फाउंटन पेन दोन्ही इथे त्रास देतात: निबच्या फटीत तंतू अडकतो आणि शाईचा डाग पडतो. इजिप्शियन लेखकू बारीक लव्हाळ्याच्या काडीचं टोक तिरकं कापून, चावून तिचा कुंचला करत. फाळ असलेली बोरूची लेखणी तिथे ग्रीकांबरोबर आली. देवनागरी किंवा मोडी लिहिणाऱ्याने आपला तिरक्या कापाचा बोरूच वापरावा. पपायरसवर तो उत्तम चालतो. दोन-तीन मिलिमीटर रुंदीचा फाळ ठेवा, त्याहून बारीक अक्षर तंतूंच्या रेषांत हरवतं.

शाईचं तर जुळून आलेलं प्रकरण आहे. इजिप्तची काळी शाई म्हणजे काजळी आणि बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक. आपल्याकडच्या रोजनाम्यांची आणि पोथ्यांची शाईही याच घराण्यातली. पाच ग्रॅम बारीक काजळी आणि तीन-चार ग्रॅम बाभळीचा डिंक घ्या. डिंक वीस-पंचवीस मिलिलिटर कोमट पाण्यात रात्रभर भिजवून गाळा, मग काजळी थोडी थोडी घालत तासभर खला. डिंक जास्त झाला तर अक्षरं चमकतात आणि गुंडाळताना त्यांना तडे जातात. कमी पडला तर वाळल्यावरही बोटाला काळं लागतं. शीर्षकांसाठी गेरूची लाल शाई याच पद्धतीने होते. तांबड्या मथळ्याची रीत इजिप्तच्या लेखकूंनीच रूढ केली होती. लोहयुक्त आम्लधर्मी शाई टाळा, ती ताव खाते. काजळीच्या शाईचा आणखी एक फायदा: चुकलं तर ताजं असताना ओल्या स्पंजने पुसता येतं. जुने लोक पूर्ण लेख धुऊन ताव पुन्हा वापरत.

कोऱ्या तावावर शाई तंतूंच्या बाजूने मिशा काढत पसरत असेल तर त्याला खळ द्यायची. रोमन लेखक प्लिनी याने आपल्या ग्रंथात पपायरसच्या खळीची कृती दिली आहे: बारीक पीठ, उकळतं पाणी, किंचित व्हिनेगर. घरी दहा ग्रॅम गव्हाचं सत्त्व दोनशे मिलिलिटर पाण्यात शिजवून, व्हिनेगरचे दोन थेंब घालून, रुंद कुंचल्याने एकच पातळ हात द्या. दोन सुती कापडांमध्ये वजनाखाली वाळवा. मग अकीकाच्या किंवा कुठल्याही गुळगुळीत दगडाने घोटा, कवडीही चालते. घोटणं तंतूंच्या दिशेनेच, आडवं घोटलं तर पट्टीची कड उचकटते. फार घोटू नका: प्लिनीनेही बजावलं आहे की जास्त गुळगुळीत तावाला शाई धरत नाही. खळ जाड झाली तर गुंडाळताना पांढरा भुगा पडतो, आणि कसरीला आमंत्रण मिळतं ते वेगळंच.

लांब मजकुरासाठी ताव जोडता येतात. मोडी दफ्तरांत कागदाला कागद चिकटवून लांब बंद करत, तीच पद्धत. इजिप्तमध्ये असे ताव जोडूनच गुंडाळी बने, आणि ‘ग्रेट हॅरिस’ म्हणून ओळखली जाणारी गुंडाळी तर चाळीस मीटरहून लांब आहे. सांधा एक-दीड सेंटिमीटरचा ठेवा. डावीकडून लिहिणार असाल तर डाव्या तावाची कड वर यावी, म्हणजे बोरू सांध्यावरून खाली उतरतो. उलट ठेवलंत तर प्रत्येक ओळीत तो पायरीला धडकेल.

टिकण्याबद्दल विक्रेते हमखास सांगतात, ‘पाच हजार वर्षं टिकतो.’ यात अर्धंच सत्य आहे. आज हाती असलेले जुने पपायरस बहुतांश फायूम, ऑक्सिरिंकससारख्या वाळवंटालगतच्या कोरड्या जागांतून आले. ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यांतून लाखो तुकडे निघाले, पण अलेक्झांड्रियासारख्या विद्येच्या राजधानीतून आणि नाईलच्या ओलसर त्रिभुज प्रदेशातून जवळजवळ काहीच उरलं नाही. मुंबई, रत्नागिरी, पणजी यांची हवा त्रिभुज प्रदेशापेक्षाही वाईट. पावसाळ्यात आर्द्रता आठवडेच्या आठवडे ऐंशी टक्क्यांवर असते, आणि सत्तरच्या वर बुरशी धरायला लागते.

तेव्हा फ्रेमवाल्याला स्पष्ट सूचना द्या. पूर्ण पाठीला फेव्हिकोल लावून हार्डबोर्डवर चिकटवायचं नाही. ताव ओलाव्याने फुगतो आणि आकसतो, त्याला हलायला जागा नसली की मधोमध फुगा येतो नाहीतर चीर पडते. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या बिजागऱ्या, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने लावलेल्या, एवढं पुरतं. सेलोटेप नको, तिचा पिवळा डाग निघत नाही. काच आणि ताव यांत माउंटची तीन-चार मिलिमीटर फट हवीच. काचेला टेकलेल्या जागी घाम धरतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते. मागे आम्लरहित बोर्ड सांगा. पावसाची ओल येते त्या बाहेरच्या भिंतीवर फ्रेम टांगू नका. दुपारचं ऊन तावाला चालत नाही आणि स्वस्त रंगांना तर नाहीच.

इजिप्तहून आणताना घडी घालू नये. सात-आठ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत, रंगीत बाजू बाहेर ठेवून, मऊ कागदात गुंडाळा. बारीक नळीत कोंबलेला ताव उघडताना आतला थर सुटतो. घरी आल्यावर दोन कापडांमध्ये पुस्तकांच्या वजनाखाली दोन-तीन दिवस ठेवला की सपाट होतो. इस्त्री फिरवू नका.

छपाईबद्दल विचारणा बरीच होते: लग्नपत्रिका, प्रमाणपत्रं वगैरे. इंकजेटमध्ये जमतं, पण मागून सरळ कागद घेणारा प्रिंटर हवा आणि पिगमेंट शाई हवी. ताव नेमका ए-फोर कापा, पुढच्या कडेला साध्या कागदाची पट्टी मागून चिकटवा, म्हणजे रोलरमध्ये पट्टीची कड उचकटत नाही. तंतू कागद जाण्याच्या दिशेला समांतर ठेवा. बारीक टाइप टाळा, अठरा पॉइंटच्या खाली देवनागरीच्या मात्रा तुटक दिसतात. लेझर प्रिंटरमध्ये घालूच नका: आतल्या गरम रोलरवर ताव कुरळा होतो आणि टोनर खाचांत बसतच नाही. शंभर पत्रिकांचा बेत असेल तर आठ-दहा ताव जास्तीचे धरा, कारण हातच्या मालात जाडी सारखी नसते आणि काही ताव प्रिंटर घेणारच नाही.